फाइल दोघांची

देवगाव फाट्यावर उतरणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा पुढं कुठंतरी जायचं असतं. सेलू, जिंतूर, मंठा अशा तिन्ही बाजूंच्या गाड्या इथं थांबतात. चहाची हॉटेलं, खत-बियाण्यांची दुकानं, मोबाइलवाले, आणि त्यांच्याच ओळीत माझी रक्त-लघवी तपासण्याची लॅब. भोवतालच्या खेड्यांतून लोक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात. जे इथं होतं ते मी इथं करतो, जे होत नाही ते परभणीला किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवतो. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची असते. हे काम करता करता एका प्रकारच्या पेशंटांकडं माझं लक्ष जास्त जायला लागलं. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

ही बाई शक्यतो सासूबरोबर किंवा आईबरोबर येते. कापड दुकानाच्या पिशवीत फाइल असते. दोनदा, तीनदा दिवस गेलेले असतात आणि दर वेळी दोन-अडीच महिन्यांत पोट पडलेलं असतं. विचारलं की सासूच सांगते, "राहतंय, पण टिकत नाही." फाइल उघडली की थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, टॉर्च, पुन्हा टॉर्च, सोनोग्राफी, पिशवी साफ केल्याचं कार्ड. सगळ्या कागदांवर तिचं नाव, आणि नवऱ्याचं नाव फक्त तिच्या नावामागं. त्याचा स्वतःचा एकही कागद त्या फाइलमध्ये नसतो. असलाच तर कधीतरी कुठल्याशा शिबिरात पाहिलेला रक्तगट.

टॉर्चचं, म्हणजे काही संसर्गांसाठी होणाऱ्या रक्ततपासणीचं, मला फार वाईट वाटतं. ही तपासणी महाग आहे, तिचा अर्थ लावणं अवघड आहे, आणि जुन्या संसर्गाच्या खुणा निरोगी बाईच्या रक्तातही सापडतात. लागोपाठच्या गर्भपाताचं कारण शोधायला तिचा उपयोग होत नाही, असं जाणकारांच्या मार्गदर्शिका कधीपासून सांगत आहेत. तरी चिठ्ठीवर ती येते, आणि कापूस विकून आलेले पैसे तिच्यात जातात. ज्या तपासण्यांना खरंच अर्थ आहे त्यांत थायरॉइड आहे, गर्भाशयाचा आकार बघणारी चांगली सोनोग्राफी आहे, आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आहेत. या अँटिबॉडी एकदा सापडल्या तर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करायची असते. त्या खरोखर असतील तर अॅस्पिरिन आणि हेपॅरिनचा उपचार आहे आणि त्यानं लेकरं वाचतात. म्हणून बाईची तपासणी करू नका असं मी कुणालाच म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की बाईची तपासणी संपली की लोकांच्या दृष्टीनं सगळीच तपासणी संपलेली असते.

दिवसच न जाणाऱ्या जोडप्यात आता निदान नवऱ्याची तपासणी होते. डॉक्टर लिहून देतात, तो कुरकुरत का होईना येतो. पण पोट पडणाऱ्या जोडप्यात तो येतच नाही, आणि त्याच्याकडं तयार उत्तर असतं: "माझ्याकडून राहतंय ना? मग माझ्यात काय खोट असंल?" हे उत्तर त्याच्या आईचं असतं, बायकोचंही असतं, आणि पुष्कळदा चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचंही असतं. दिवस गेले म्हणजे पुरुषाचं काम झालं, पुढं सांभाळायचं ते बाईनं.

ज्या गर्भाबद्दल आपण बोलतो त्याच्या प्रत्येक पेशीत तेवीस गुणसूत्रं आईची आणि तेवीस बापाची. गर्भ पडतो तेव्हा ही सगळीच्या सगळी पडतात. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा काहीतरी घोटाळा असतो. त्यातला मोठा वाटा अंडपेशीकडून येतो हे खरं आहे, बाईचं वय वाढतं तसा तो वाढतो. पण सगळा तिकडून येत नाही. शिवाय फलन झाल्यावर पहिले दोन दिवस गर्भाचा कारभार बहुतांशी अंडपेशीनं साठवलेल्या सामग्रीवर चालतो. तिसऱ्या दिवसाच्या आसपास गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात. बापाकडून आलेल्या डीएनएत जखमा असतील तर त्या उघड व्हायला सुरुवात होते ती यानंतर. म्हणजे दिवस राहू शकतात, तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा येऊ शकतात, आणि तरीही बापाच्या बाजूचं दुखणं पुढच्या आठवड्यांत गर्भाला गाठू शकतं.

हे मी एकदा चारठाण्याकडच्या एका शेतकऱ्याला सांगत होतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आपण सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायच्या आधी गोणपाटावर शंभर दाणे टाकून उगवण बघतो, तसं." तसंच, पण थोडं पुढचं, मी म्हणालो, कारण काही दाणे उगवतात आणि दोन पानांवर येऊन मरतात, तेव्हा तुम्ही नुसती जमिनीलाच नावं ठेवता का? तो गप्प झाला. आणि बाई ही नुसती जमीन नव्हे, अर्धं बियाणंही तिचंच आहे, हेही त्याला सांगावं लागलं. पण त्या दिवशी तो स्वतःची तपासणी करून गेला.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत या विषयावर महत्त्वाचं काम झालेलं आहे. ते आपल्या मुंबईत झालं म्हणून मला त्याचं अप्रूप आहे. डॉ. नफिसा बालसिनोर यांच्या गटानं, ज्यांच्या बायकांचे लागोपाठ गर्भपात झाले आणि कारण सापडलं नाही अशा पुरुषांचे शुक्राणू तपासले. २०१२ साली त्यांचा निबंध आला. या पुरुषांची शुक्राणूंची संख्या आणि चाल नेहमीच्या मोजमापात बसणारी होती. पण एच-१९ नावाच्या जनुकाजवळ, डीएनएवर जी रासायनिक खूण बापाकडून यायला हवी, ती काहींमध्ये बिघडलेली होती. जनुकांवरच्या अशा काही खुणा गर्भाच्या आणि वारेच्या वाढीवर ताबा ठेवतात. त्याच गटानं पुढंही हे काम चालू ठेवलं आणि २०२१ साली अशाच जोडप्यांतल्या पुरुषांच्या शुक्राणूंतले आणखी बिघाड मांडले. आमच्याकडं ज्याला 'नॉर्मल' म्हणून परत पाठवतात, त्याच माणसाच्या शुक्राणूंकडं या संशोधकांनी पुन्हा एकदा बघितलं होतं.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये डॉ. चन्ना जयसेना यांनी असंच केलं. बायकोचे तीन किंवा जास्त गर्भपात लागोपाठ झालेले ५० पुरुष आणि तशी अडचण नसलेले ६० पुरुष त्यांनी घेतले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या गटातल्या शुक्राणूंच्या डीएनएत दुप्पट इजा आढळली. अभ्यास लहान आहे, त्यावरून कुणाही एकाला 'तुझ्यामुळंच' असं म्हणता येत नाही. पण विचारायला हवं होतं ते कुणीतरी विचारलं.

माझ्या टेबलावर वीर्य तपासणी होते ती साधी. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, नमुना रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत द्यायचा, निरोध वापरायचा नाही कारण त्यावरच्या औषधानं शुक्राणू मरतात. नमुना घरून आणायचा असेल तर अंगाशी धरून, तासाच्या आत. फाट्यापासून लांबच्या गावातून मोटारसायकलवर येणाऱ्याला हे सांगावं लागतं, नाहीतर तो डबी डिकीत टाकून आणतो. बहुतेकांना मी इथंच नमुना द्यायला सांगतो. त्यासाठी मागं वेगळी बाथरूम ठेवली आहे, आतून कडी आहे, कुणी दार वाजवणार नाही याची मी काळजी घेतो. पहिल्या खेपेला पुष्कळांना जमत नाही. घामाघूम होऊन बाहेर येतात. त्यांना मी चहा पाजतो, उद्या या म्हणतो.

मग नमुना पातळ होईपर्यंत थांबायचं, आकारमान मोजायचं, काचेवर घेऊन चाल बघायची, आणि मोजणीच्या चौकटींच्या काचेवर संख्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणं एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, हलणारे ४२ टक्के, सरळ पुढं जाणारे ३० टक्के, ठीक आकाराचे ४ टक्के, ह्या खालच्या मर्यादा. आकाराचा आकडा बघून माणसं हबकतात. "शंभरातले शहाण्णव खराब?" असं एका पोरानं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. निरोगी बापांतही तसंच असतं हे त्याला समजावलं. आणि हे आकडे आले कुठून, तर ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांकडून. त्यांच्यातल्या अगदी खालच्या पाच टक्क्यांची रेघ म्हणजे ही मर्यादा. दिवस जाण्याशी तिचा संबंध आहे. गर्भ टिकेल का, याबद्दल ती काहीच सांगत नाही. डीएनएतली इजा माझ्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, तिची तपासणी वेगळी आणि मोठ्या शहरात होते. म्हणून गर्भपाताच्या जोडप्यात माझा रिपोर्ट नॉर्मल आला की मी सांगतो: हा रिपोर्ट चांगला आहे, पण हा शेवटचा नाही.

एका माणसाचं सांगतो. ओळख पटेल असं काही इथं ठेवलेलं नाही. त्याच्या पहिल्या बायकोची दोनदा पोटं पडली, घरच्यांनी तिला माहेरी पाठवलं आणि मग ते मोडलं. त्यानं दुसरी केली. दुसरीचंही पडलं, पुन्हा पडलं. सासूनं देवऋषी केला, पहिलीनं काहीतरी केलं असणार म्हणून. दुसरीला एका डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांनी जे विचारलं ते आधीच्या कुणीच विचारलं नव्हतं: पहिलीलाही असंच झालं होतं का? बाया दोन, दुखणं एकच, आणि दोन्हीकडं असलेला माणूस एकच. त्यांनी दोघांचंही कॅरिओटाइप लिहून दिलं, म्हणजे गुणसूत्रांचा नकाशा.

त्यासाठी रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, गोठू द्यायचं नाही, जिवंत पेशी लागतात म्हणून लगेच पाठवायचं. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. बाईचा नकाशा सरळ आला. त्याच्या नकाशात दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी बसलेले होते. याला संतुलित ट्रान्सलोकेशन म्हणतात. त्याच्यात कमी काही नाही, जास्त काही नाही, म्हणून तो धडधाकट. पण शुक्राणू बनताना वाटणी होते तेव्हा काहींना एक तुकडा जास्त जातो, काहींना कमी. लागोपाठ गर्भपात होणाऱ्या शंभरातल्या साधारण दोन ते पाच जोडप्यांत दोघांपैकी एकात असं सापडतं. कधी बाईत, कधी पुरुषात. वीर्य तपासणीत ते दिसेलच असं नाही. त्याची संख्या उत्तम होती.

डॉक्टरीणबाईंनी त्या दोघांना समोर बसवून सांगितलं की यात कुणाचं पाप नाही, हे जन्मापासूनचं आहे, आणि असं असूनही पुष्कळांना आपोआप निरोगी मूल होतं. नाहीतर टेस्ट ट्यूबच्या पद्धतीत गर्भ तपासून ठेवण्याचा मार्ग आहे, तो खर्चिक आहे. तो माणूस रिपोर्टची झेरॉक्स घ्यायला माझ्याकडं आला. दोन काढा म्हणाला. दुसरी कशाला विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, पहिलीच्या भावाला द्यायची आहे. देऊन आला की नाही ते मला ठाऊक नाही. त्या बाईला सासरहून ज्या शब्दांनी पाठवलं होतं त्यांना त्या कागदात उत्तर होतं, आणि ते त्याला उशिरा का होईना द्यावंसं वाटलं.

असं स्पष्ट कारण सगळ्यांना सापडत नाही. सापडतात ती धोक्याची कारणं, आणि ती आमच्या भागात जागोजागी आहेत. कापसाचंच बघा. जुलैपासून पाठीवर पंप घेऊन फवारणी सुरू होते. उकाड्यात अंगावर बनियन, तोंडाला फार तर रुमाल. औषध पाठीवर गळतं, मांड्यांवर झिरपतं, त्याच ओल्या कपड्यांत माणूस दिवसभर असतो. २०१७ साली यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हे कळलं. जे मरत नाहीत त्यांच्या शरीरात काय होतं याकडं तेवढं लक्ष गेलं नाही. रूपा आणि रेड्डी या संशोधकांनी भारतातल्याच कापूस पट्ट्यात, जिथं नवरा थेट फवारणी करतो अशी हजारावर जोडपी आणि तशी न करणारी तेवढीच जोडपी ताडून बघितली होती. १९९१ मध्ये त्यांनी लिहिलं की फवारणी करणाऱ्यांच्या घरात गर्भपात जास्त, जिवंत जन्म कमी. अभ्यासात फवारणारा पुरुष होता आणि मोजदाद बायकांच्या पोटाची होती. तीस वर्षं उलटली. आमच्या कृषी सेवा केंद्रांत औषधाच्या बाटलीबरोबर हे कुणी सांगत नाही.

मग तंबाखू. गाडी पुसायच्या आधी, चहाच्या आधी, नंतर, तळहातावर चुना मळणं चालूच. मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या सहाशेवर पुरुषांच्या अभ्यासात, जितकी तंबाखू जास्त चघळली जाते तितकं वीर्य खालावलेलं दिसलं. तो २००५ साली छापून आला. बिडी-सिगारेटनं शुक्राणूंच्या डीएनएला इजा होते असंही अभ्यासांत दिसलं आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि फाट्यावर तो कुठं मिळतो हे लहान पोरालाही माहीत आहे.

उष्णतेचंही तसंच. अंडकोष शरीराबाहेर असतात कारण त्यांना दोन ते चार अंश थंडावा लागतो. दिवसभर ट्रकच्या इंजिनावर बसणारा, वीटभट्टीवर राबणारा, भट्टीपुढं उभा राहणारा, यांना तो मिळत नाही. अंडकोषाच्या शिरा फुगण्याचा विकार, व्हेरिकोसील, शंभरातल्या पंधरा-एक पुरुषांत असतो, आणि तोही तिथली उष्णता वाढवतो. तो डॉक्टरला नुसत्या हातानं तपासून कळू शकतो, त्याला माझी लॅब लागत नाही, फक्त पुरुषानं लाज बाजूला ठेवून दाखवायला जायला हवं. मोठा ताप येऊन गेला तरी शुक्राणू काही काळ बिघडतात. आणि अलीकडं सेलू-जिंतूरच्या जिमांत जाणारी पोरं दंड फुगवायला हार्मोनची इंजेक्शनं घेतात. त्यानं शरीराचं स्वतःचं शुक्राणू बनवणं बंद पडतं.

यात एक आशेची बाजू आहे आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, बाहेर यायला आणखी थोडे दिवस. म्हणजे आज तंबाखू सोडली तर तीन महिन्यांनी जे बाहेर येईल ते तंबाखू सोडलेल्या माणसाचं असेल. बाईच्या अंडपेशी तिच्या जन्माआधीपासून तिच्यात असतात, तिला अशी नवी सुरुवात मिळत नाही. पुरुषाला दर तिमाहीला मिळते.

पण याच आशेवर धंदाही चालतो. शक्तीच्या पुड्या, अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्या, 'किडे वाढवण्याचं' चूर्ण. गोळ्यांनी गर्भपात थांबतो असा भक्कम पुरावा नाही. युरोपच्या प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ च्या मार्गदर्शिकेत एवढं म्हटलं आहे की दोन गर्भपात झाले की तपासणी सुरू करावी, पुरुषाचं वय, व्यसन, वजन विचारावं, आणि शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी कारण शोधण्यासाठी करायचा विचार करावा. डीएनएची तपासणी खर्चिक आहे, म्हणून फाट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला मी ती सुचवत नाही. विचारायला मात्र पैसे लागत नाहीत. आणि हेही सांगावं लागतं की सगळं करूनही निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही, तरी त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढं मूल होतं. हे ऐकताना बाईच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मी बघितला आहे.

पुरुष येतात ते संध्याकाळी, एकटे, गाडी दुसऱ्याच दुकानापुढं लावून. बोलत नाहीत. पण एक जण डबी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तिसऱ्या वेळी ठोके ऐकले होते हो." सोनोग्राफीत बायकोबरोबर आत गेला होता. घरी सगळे तिच्याभोवती होते, त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यालाही रडायला जागा नव्हती. तपासणीला येणं ही त्याच्यासाठी आपणही यात आहोत हे सांगायची पहिली संधी होती. तपासणी म्हणजे पुरुषाचा अपमान, असं ज्यांना वाटतं त्यांनी या माणसाला भेटायला हवं होतं.

आता मी माझ्यापुरती रीत ठेवली आहे. गर्भपाताचा इतिहास असलेली बाई आली की नवऱ्याच्या नावाची वेगळी नोंद करतो: वय, काम, फवारणी करतो का, तंबाखू, बिडी, दारू, मोठा ताप, आधीचं लग्न. तो कागद चिठ्ठीबरोबर डॉक्टरांकडं जातो. पिशवी साफ करायची वेळ आली तर पडलेला भाग गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवता येतो हेही सांगतो. तो सलाइनच्या पाण्यात ठेवायचा, फॉर्मॅलिनमध्ये टाकला की पेशी मरतात आणि त्यांची वाढ करून बघता येत नाही. आमच्याकडं तो बहुतेक वेळा फेकला जातो.

परवा मंठ्याकडच्या एका गावातल्या आशाताई एका बाईला घेऊन आल्या. सासू बरोबर होती, नवरा बाहेर मोटारसायकलवर बसलेला. मी नोंदवही उघडायच्या आत आशाताईंनीच बाहेर जाऊन त्याला हाक मारली, "दादा, आत या, तुमचंबी लिहायचंय." सासू म्हणाली, "त्याचं कशाला?" आशाताईंनी त्याला माझ्यापुढच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "लिहा सर. वय एकतीस. फवारणीला जातो, रोजानं, लोकांच्याबी."